देवयानीपर्यंतचे अंतर कुणी मोजले आणि कुठल्या खुणेपासून?

जुना मोजणीदार, सातारा (२३ नोव्हेंबर)

मी भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केली आणि आता साताऱ्यात निवृत्तीचे दिवस घालवीत आहे. शेताच्या बांधापासून गावठाणाच्या हद्दीपर्यंत जे मोजायचे ते साखळी ओढून, फलकयंत्र मांडून आणि शेवटच्या काही वर्षांत ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्र लावून मोजले. त्यामुळे कुणी कुठलेही अंतर सांगितले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की मोजणी कुठल्या खुणेपासून धरली?

कार्तिक अमावास्येच्या रात्री भाच्यासोबत आणि त्याच्या आकाशनिरीक्षण करणाऱ्या मित्रांसोबत कासच्या पुढे बामणोलीच्या बाजूला गेलो होतो. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला शर्मिष्ठेचा इंग्रजी एम सारखा आकार उभा होता आणि तिच्या वर, डोक्याच्या थोडे खाली, देवयानीतील ताऱ्यांच्या बाजूला एक पुसट डाग त्यांनी मला दाखविला. त्याच्याकडे सरळ पाहिले की तो नाहीसा होई आणि नजर जरा बाजूला नेली की पुन्हा उमटे. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून तो लांबट, कापूस पिंजून ठेवल्यासारखा दिसला. ही देवयानी दीर्घिका असून ती २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, असे त्या मुलांनी सांगितले.

जवळच्या ताऱ्यांचे अंतर कसे काढतात, हे मला समजते, कारण तो आमचाच त्रिकोण आहे. पृथ्वीच्या कक्षेचा सुमारे ३० कोटी किलोमीटरचा व्यास हा पाया धरायचा, सहा महिन्यांच्या अंतराने दोन टोकांवरून ताऱ्याचा कोन घ्यायचा आणि तिसरा बिंदू काढायचा. पण २५ लाख प्रकाशवर्षांसाठी हा पाया पुरणार कसा? आणि तो डाग आपल्याच आकाशगंगेतला एखादा ढग नाही, हे ठरविले कशावरून? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

यवतेश्वर घाट (२३ नोव्हेंबर)

काका, आपली शंका रास्त आहे. तो पाया पुरत नाहीच. देवयानीच्या बाबतीत हा कोन इतका बारीक होतो, की रुपयाचे नाणे चंद्राच्या दहापट अंतरावर ठेवून त्याच्या दोन कडांमधला कोन मोजण्यासारखे ते होईल. गाया या युरोपीय उपग्रहाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स, म्हणजे हेच कोन, मोजले, तरी एवढा सूक्ष्म कोन त्याच्याही आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून आकाशगंगेबाहेर पाऊल टाकायचे तर त्रिकोण सोडून दिव्यांकडे वळावे लागते.

रात्री ठोसेघरच्या रस्त्याला लागून चाळकेवाडीच्या पठाराकडे पाहा. तिथल्या पवनचक्क्यांच्या माथ्यावर तांबडे दिवे लुकलुकत असतात. ते सगळे एकाच बनावटीचे आहेत असे धरले, तर जो ठळक दिसतो तो जवळचा आणि जो मंद दिसतो तो लांबचा. अंतर दुप्पट झाले की दिव्याचा उजेड चौथाई होतो आणि तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर येतो. एका दिव्यापर्यंतचे अंतर आपण साखळीने मोजले, की बाकीच्यांपर्यंत चालत जाण्याची गरज उरत नाही. अडचण एवढीच, की आकाशातले दिवे एका बनावटीचे नसतात. समोरचा मंद ठिपका म्हणजे लांबची मोठी मशाल आहे की जवळची पणती आहे, हे ओळखायचे कसे?

हे कोडे सोडविले हेन्रिएटा लेविट या बाईंनी. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या छायापट्ट्या तपासण्याचे काम त्या करीत असत. पेरू देशातील अरेक्विपा येथून घेतलेल्या पट्ट्यांवर मॅगेलनचे मेघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दक्षिण आकाशातील दोन लहान दीर्घिकांतील रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज ठराविक काळाने कमीजास्त होते असे तारे, त्यांनी शोधून काढले आणि १९०८ साली अशा १७७७ ताऱ्यांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९१२ साली लहान मेघातील २५ ताऱ्यांवरून त्यांनी दाखवून दिले, की ज्या ताऱ्याचा तेजाचा फेरा लांब तो तारा अधिक तेजस्वी. हे सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे, जो ठळक दिसला तो खरोखरच ठळक होता, अशी त्यामागची भक्कम विचारसरणी होती. आता फेरा मोजायचा, त्यावरून खरे तेज काढायचे, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहायचे आणि अंतर मांडायचे. वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा या ताऱ्यावरून या जातीला सेफीड म्हणतात.

जाता जाता सांगतो, लेविटबाईंचा तो लहान मेघ दक्षिणेला इतका खाली आहे, की साताऱ्याच्या क्षितिजावर तो उगवतच नाही. मोठा मेघ जेमतेम दोन-तीन अंश वर येतो, तोही डोंगराआडच राहतो.

आता आपला दुसरा प्रश्न. हा डाग आकाशगंगेतला की बाहेरचा, यावर २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांनी समोरासमोर बाजू मांडल्या होत्या आणि त्या दिवशी निकाल काही लागला नाही. निकाल लागला तो १९२३ च्या ऑक्टोबरात. एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीने देवयानीची छायापट्टी घेतली आणि तिच्यावर एका ठिपक्यापाशी आधी नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, अशी खूण केली. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहताच तो ठिपका ठळक होतो, मंदावतो आणि पुन्हा ठळक होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. ती खूण खोडून त्यांनी तिथे रूपविकारी असे उद्गारचिन्हासह लिहिले. त्या ताऱ्याचा फेरा सुमारे ३१ दिवसांचा निघाला आणि त्यावरून अंतर आले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. शॅपली यांच्या मते आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे ३ लाख प्रकाशवर्षांचा होता, म्हणजे त्यांची मोठी आकाशगंगा घेतली तरी देवयानी तिच्या बाहेरच राहते.

जुना मोजणीदार, सातारा (२४ नोव्हेंबर)

पवनचक्कीचा दाखला पटला. पण एक अडचण उरते. हबल यांच्या मोजणीत ९ लाख आले आणि आज २५ लाख सांगतात. आमच्या खात्यात एवढा फरक निघाला असता, तर चौकशी लागली असती. मधल्या काळात देवयानी तर सरकलेली नाही, मग चुकले ते काय?

कृष्णाकाठ, सांगली (२४ नोव्हेंबर)

मोजणीदार साहेब, चुकला तो मूळ दगड. आपण ज्याला खूण म्हणता तीच.

मी भौतिकशास्त्र शिकवितो आणि वर्गात हा भाग नेहमी जास्त वेळ घेऊन सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात नुसता अंतिम आकडा छापलेला असतो. लेविटबाईंच्या नियमाने एक सेफीड दुसऱ्यापेक्षा किती पट तेजस्वी आहे, एवढेच कळते. एका तरी सेफीडचे अंतर स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय बाकीचे सारे हवेतच राहते. त्या काळी जवळच्या सेफीडांची अंतरे नीट मोजता येत नव्हती आणि मधल्या धुळीमुळे किती प्रकाश अडतो, याचाही हिशोब कच्चा होता. त्यातच दोन वेगळ्या जातींचे तारे एकाच जातीचे समजून एका ओळीत बसविले गेले होते.

ही गफलत वॉल्टर बाडे यांनी उघडकीस आणली. ते जन्माने जर्मन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत त्यांच्यावर निर्बंध होते, त्यामुळे इतर शास्त्रज्ञ युद्धकामावर गेले तरी ते माउंट विल्सनवरच राहिले. डोंगराखालच्या लॉस एंजेलिस शहरात दिवे मालविण्याचा हुकूम होता, त्यामुळे आकाश काळेभोर मिळाले आणि देवयानीच्या गाभ्यातील तारे त्यांना सुटे सुटे दिसले. गाभ्यात जुने, तांबूस तारे आणि बाहेरच्या भुजांत तरुण, निळसर तारे, असे दोन गट त्यांनी १९४४ साली मांडले. पुढे माउंट पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. जुने अंतर खरे असते, तर स्वरमंडळातील आरआर या ताऱ्याच्या जातीचे रूपविकारी तारे देवयानीत तिला दिसायलाच हवे होते. ते दिसलेच नाहीत. जे दिसायला हवे ते दिसत नाही, याचाच अर्थ दीर्घिका मानली त्यापेक्षा बरीच लांब आहे, असा निष्कर्ष बाडे यांनी काढला. सेफीड दोन प्रकारचे असून तरुण गटातले सेफीड समजुतीपेक्षा कितीतरी तेजस्वी आहेत, हे त्यांनी १९५२ साली रोमच्या परिषदेत सांगितले, तेव्हा दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुपटीच्या घरात गेली. दीर्घिका जागच्या जागी राहिल्या आणि फक्त नकाशाचे प्रमाण बदलले. पुढे धुळीचा हिशोब सुधारत गेला आणि आकडा २५ लाखांवर येऊन स्थिरावला.

सेफीडांची साखळीही सुमारे दहा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास अपुरी पडू लागते. त्यापुढे एक ए या जातीचे सुपरनोव्हा वापरतात, कारण त्यांच्या स्फोटाचे कमाल तेज जवळपास ठराविक असते आणि तो काही काळ अख्ख्या दीर्घिकेच्या बरोबरीने झळकतो. ज्या दीर्घिकेत सेफीडही आहेत आणि असा स्फोटही झाला, ती दोन साखळ्यांमधली जोडकडी ठरते. सप्तर्षींमधील मेसिए १०१ ही तशीच एक दीर्घिका असून तिच्यात २०११ साली असा सुपरनोव्हा दिसला होता.

द्राक्षबाग, तासगाव (२५ नोव्हेंबर)

वाचून फार समाधान झाले. मी बागायतदार आहे आणि विज्ञानाचे माझे शिक्षण बारावीपर्यंतच झाले आहे, तरी एक विचारतो. मण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला, की उजेड किती वाकतो त्यावरून साखर किती उतरली ते कळते. तेव्हा प्रकाशावरून वस्तूचे गुण कळतात, यात मला नवल वाटत नाही. पण दीर्घिका तांबड्या दिसतात म्हणून त्या दूर पळत आहेत, असे जे सांगतात ते पटत नाही. गळीत हंगामात धुराड्यांचा आणि पाचट जाळल्याचा धूर पसरला, की मावळता सूर्यही तांबडालाल दिसतो. तो काही पळत नसतो.

कृष्णाकाठ, सांगली (२५ नोव्हेंबर)

ही शंका सगळ्यांना यायला हवी, पण क्वचितच कुणी विचारतो.

धूर आणि आकाशातील धूळ निळा प्रकाश जास्त अडवितात, म्हणून उरलेला प्रकाश तांबूस दिसतो. खगोलशास्त्रज्ञ वेग काढतात तो या रंगावरून काढत नाहीत, तर वर्णपटातील रेषांवरून काढतात. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून पसरला, की त्यात ठराविक जागी बारीक काळ्या रेषा दिसतात. हायड्रोजनची एक रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, कॅल्शियमच्या दोन रेषा ३९३ आणि ३९७ च्या आसपास, असा प्रत्येक मूलद्रव्याचा ठरलेला पट्टा असतो. धुळीमुळे तो पट्टा मंद होईल, पण एकही रेषा आपली जागा सोडणार नाही. उगम आपल्यापासून दूर जात असेल, तर मात्र सगळ्या रेषा सारख्याच प्रमाणात तांबड्या बाजूला सरकतात. फूटपट्टीवरचा छाप पुसट होणे वेगळे आणि फूटपट्टीच ताणली जाणे वेगळे. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात.

व्हेस्टो स्लिफर यांनी १९१२ साली ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेत देवयानीचा असा वर्णपट घेतला आणि रेषा सरकल्या त्या उलट, निळ्या बाजूला. देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे, असे त्यावरून निघाले. त्यातला मोठा हिस्सा सूर्याच्याच आकाशगंगेभोवतीच्या फेरीचा आहे आणि तो वजा केला तर दोन दीर्घिका एकमेकींकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने सरकत आहेत. दूरच्या बहुतेक दीर्घिकांच्या रेषा मात्र तांबड्या बाजूला गेलेल्या आढळल्या आणि जितके अंतर जास्त तितकी ताम्रसृती जास्त, हे नाते हबल यांनी १९२९ साली मांडले. जॉर्ज लमेत्र यांनी ते दोन वर्षे आधीच गणिताने काढले होते, हेही सांगायला हवे.

याच रेषांनी आणखी एक गोष्ट कळते आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. फिरणाऱ्या दीर्घिकेची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते, त्यामुळे ठिकठिकाणचा वर्णपट घेतला की कुठला भाग किती वेगाने फिरतो, ते कळते. सूर्याजवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने धावतो आणि लांबचा नेपच्यून साडेपाचसुद्धा गाठत नाही. दीर्घिकेतही गाभ्यापासून दूर गेले की वेग असाच उतरायला हवा होता. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानीचे माप प्रसिद्ध केले, तेव्हा तो बाहेरच्या भागातही सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास टिकून राहिलेला दिसला. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानात एवढ्या वेगाने फिरणारे तारे धरून ठेवण्याची ताकद नाही. न दिसणारे पुष्कळ द्रव्य तिथे आहे, असे मानावे लागते आणि ते कशाचे बनले आहे, हे आजही कुणाला सांगता आलेले नाही.

कोयनेचा वारा, कराड (२६ नोव्हेंबर)

आपल्याकडे जूनपासून चार महिने आकाश झाकलेलेच असते, म्हणून ही पुरवणी. रेडिओ लहरींना ढगांची आणि दिवसाची अडचण नाही. दीर्घिकांतील थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे १४२० मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो. हा वायू ताऱ्यांच्या तबकडीच्या बाहेरही दूरवर पसरलेला असल्यामुळे, वर सांगितलेला वेग टिकून राहण्याचा प्रकार त्याने आणखी लांबपर्यंत पडताळता आला.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास ती पाहण्यासाठी लोकांना खुली असते, तेव्हा मी मुलांना घेऊन गेलो होतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या असून त्या भरीव नाहीत, तर तारांच्या जाळीच्या आहेत. खालून वर पाहिले तर जाळीतून आकाश दिसते आणि एवढी मोठी ताटली वाऱ्यात कशी टिकते, याचे उत्तरही तिथेच मिळते. १४ ताटल्या मधल्या चौकात आणि बाकीच्या १६ तीन भुजांवर पसरलेल्या असल्यामुळे सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीची बारकाई देतात. याच दुर्बिणीने टिपलेला एका दीर्घिकेच्या हायड्रोजनचा संकेत २०२३ साली जाहीर झाला. तो निघून सुमारे ८८० कोटी वर्षे झाली होती. वाटेत ताणला जाऊन १४२० चा तो ६२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास आला होता आणि मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो मोठा केला, म्हणूनच तो सापडला.

शिवाय हल्ली दुर्बिणीला डोळा न लावताही दीर्घिकांचा अभ्यास होतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह अमेरिकेतील स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या नोंदी चाळून सापडला. तो मीन राशीत, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

सडेतोड (२६ नोव्हेंबर)

एवढे सगळे वाचून एकच वाटते, की हे अंदाज आहेत. उद्या पुन्हा कुणीतरी आकडा दुप्पट करील.

यवतेश्वर घाट (२७ नोव्हेंबर)

दुप्पट होणार नाही, पण वाद आजही आहे आणि तो लपविण्यासारखा नाही. विश्व किती वेगाने प्रसरण पावते, याचा आकडा दोन वाटांनी काढतात. पॅरॅलॅक्स, सेफीड, सुपरनोव्हा या साखळीने तो सुमारे ७३ येतो, म्हणजे दर मेगापार्सेक (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) अंतरामागे सेकंदाला ७३ किलोमीटर. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणावरून, म्हणजे प्लांक उपग्रहाच्या नोंदींवरून, तो सुमारे ६७ येतो. प्रत्येक गट आपली चूक टक्का-दीड टक्क्याच्या आत असल्याचे सांगतो आणि दोघांमधला फरक मात्र आठ टक्क्यांच्या घरात आहे.

एक संशय असा होता, की दूरच्या दीर्घिकेत सेफीड गर्दीत असतात आणि शेजारच्या ताऱ्याचा उजेड त्यांच्यात मिसळतो. चाळकेवाडीला दोन दिवे एका रेषेत आले की एकच ठळक दिवा असल्याचा भास होतो, तसे. जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात, जिथे धूळही फारशी आड येत नाही, तेच तारे अधिक सुटे करून पाहिले, तेव्हा गर्दीमुळे मोठी चूक झालेली नाही असे दिसले. फरक उरलाच.

जुना मोजणीदार, सातारा (२७ नोव्हेंबर)

सडेतोड यांना एवढेच सांगतो, की दोन भूकरमापक गावाच्या दोन टोकांनी मोजत आले आणि मधल्या बांधावर जुळले नाहीत, तर आम्ही त्याला अंदाज म्हणत नाही. कुणाची तरी खूण हललेली आहे किंवा मधे नकाशात नसलेला ओढा आहे, असे म्हणून पुन्हा उभे राहतो. अंदाज असता तर न जुळणे कळलेच नसते.

जुना मोजणीदार, सातारा (२८ डिसेंबर)

महिन्याभराने पुन्हा लिहीत आहे. यवतेश्वर यांनी वृषपर्वातील डेल्टा ताऱ्याचे नाव घेतले होते. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, असे भाच्याने सांगितले आणि मी गच्चीवर वही घेऊन बसू लागलो. तो शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉन या ताऱ्यांसोबत एक छोटा त्रिकोण करतो, तेवढ्यामुळेच मला तो आपला वाटला. झीटा ठळक आणि एप्सिलॉन मंद. रोज साडेसातला डेल्टा या दोघांच्या मधे कुठे बसतो, ते दहापैकी गुण देऊन लिहायचे, एवढीच मोजणी. पाच रात्री ढगांत गेल्या आणि दोन रात्री शेजारच्या लग्नाच्या रोषणाईत.

डेल्टा चढतो दीड दिवसात आणि उतरतो मात्र सावकाश, चार दिवस घेऊन. पहिल्यांदा तो झीटाच्या जवळपास पोचलेला दिसला २४ नोव्हेंबरला आणि सहा फेरे पूर्ण करून पुन्हा तिथे आला परवा, २६ डिसेंबरला. एका फेऱ्यावरून काढले असते तर अर्ध्या दिवसाची चूक तशीच राहिली असती, म्हणून सहा फेऱ्यांचे ३२ दिवस घेऊन सहांनी भागले. लांब रेषा मोजून भाग पाडला की चूक वाटली जाते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवितात. माझे उत्तर ५.३ दिवस आले. छापील आकडा ५.३७ आहे.

या ताऱ्याचे अंतर पॅरॅलॅक्सने सुमारे ८९० प्रकाशवर्षे आले आहे, असे वाचले. म्हणजे माझ्या गच्चीवरून दिसणारा हा तारा त्रिकोणातही बसतो आणि दिव्यातही. माझ्या मूळ प्रश्नातली खूण ती हीच. देवयानीतल्या हबल यांच्या ताऱ्याचा फेरा याच्या जवळजवळ सहापट लांब, म्हणून त्याचे तेजही याच्याहून बरेच मोठे. भाच्याने ते गणित मांडून दिले आहे, पण धुळीची वजावट कुठल्या पायरीला करायची, तिथे मी अडलो आहे. कृष्णाकाठ यांनी सवडीने सांगावे. पुढची कमाल १ जानेवारीला यायला हवी. आकाश मोकळे असेल तर त्या रात्रीचा गुण इथे लिहीन.